निनांवी गुरु

दधीचि ऋषीची कथा ज्याच्या कानावरून गेली नाहीं असा मराठी मनुष्य विरळा. वृत्रासुराच्या वधासाठीं वज्र घडवावयाचें होतें, त्यासाठीं ऋषीच्या अस्थि हव्या होत्या, आणि त्या त्यानें दिल्या. कीर्तनांतून व पुराणांतून ही कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली; श्रोत्यांनीं माना डोलावल्या आणि ते घरीं गेले. आपणांस त्या कथेशीं कांहीं कर्तव्य आहे, असें त्यांपैकीं क्वचितच कोणास वाटलें असेल. कथा उदात्त, श्रोते भाविक आणि दानाची थोरवी सर्वांस मान्य. मग श्रवण आणि आचरण यांच्यामध्यें एवढें अंतर कां पडावें? आमच्या मतें त्या कथेंतील एक गोष्ट नेहमीं आपल्या नजरेंतून सुटते. देव दधीचीकडे गेले आणि त्यांनीं त्याला विचारलें. देणाऱ्यास नकार देण्याची मोकळीक होती; म्हणूनच त्याच्या होकारास मोल आलें. मृत देह अथवा त्याचे अवयव दुसऱ्याच्या उपयोगीं पडावे कीं नाहीं, या प्रश्नाकडे तरुणांनीं कोणत्या दृष्टीनें पाहावें हें शिक्षणानें घडवितां येतें काय, याचा विचार करतांना हा विचारण्याचा मुद्दा हातचा सोडतां कामा नये. प्रस्तुत लेखांत त्याच धाग्यानें गेल्या दोनशें वर्षांच्या इतिहासाचा थोडासा भाग उलगडून पाहावयाचा आहे.

मृत देहास स्पर्श करून शिकण्याची कल्पना आपणांकडे सर्वस्वीं परदेशांतून आली, हा समज बरोबर नाहीं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत त्याचा विधि दिलेला आहे. सर्व अवयव शाबूत असलेलें, विषानें न मेलेलें, दीर्घ रोगानें न झिजलेलें व शंभर वर्षांचें नसलेलें असें शरीर घ्यावें. तें मुंजासारख्या तृणानें वेष्टून, पिंजऱ्यांत घालून, वाहत्या पाण्यांत निवांत जागीं ठेवावें. सात रात्रींनंतर बाहेर काढून कुंचल्यानें हळूहळू घासावें आणि त्वचेपासून आंतपर्यंत एकेक अंग डोळ्यांनीं पाहावें, असें तेथें सांगितलें आहे. शास्त्रांत वाचलेलें आणि प्रत्यक्ष पाहिलेलें, या दोहोंच्या मेळानेंच ज्ञान वाढतें, असा सुश्रुताचा अभिप्राय होता. पुढें शवस्पर्शाचा विटाळ बळावला, प्रत्यक्ष पाहणें मागें पडलें, आणि वैद्याच्या मुलानें शरीर पोथींतच वाचावें असा काळ आला. परंतु सुश्रुताच्या विधींतहि एक गोष्ट आढळत नाहीं. शरीर कसें असावें हें त्यानें बारकाईनें सांगितलें. तें कोणाचें असावें व कोणाच्या संमतीनें घ्यावें, याविषयीं तेथें अक्षर नाहीं.

इ. स. १८२२ मध्यें कंपनी सरकारनें कलकत्त्यास देशी लोकांकरितां वैद्यकाची एक शाळा काढली होती. तेथें पाश्चात्य शारीरशास्त्र भाषांतरित पुस्तकांवरून व जनावरांच्या शरीरांवरून शिकवीत. ही पद्धति अपुरी ठरवून गव्हर्नर-जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक यांनीं १८३५ च्या जानेवारींत ती शाळा मोडली व कलकत्ता मेडिकल कॉलेज स्थापन केलें. चौदा ते वीस वर्षांच्या वयाचे तरुण तेथें घ्यावयाचे, असें ठरलें. आज ज्या वयास आपण शाळकरी वय म्हणतों त्याच वयाच्या मुलांपुढें हा प्रश्न आला, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. कॉलेजांत शारीरशास्त्राच्या शिक्षणास प्रत्यक्ष शवविच्छेदनाची जोड द्यावयाची होती, आणि उच्चवर्णीय हिंदु मुलगा प्रेतास शस्त्र लावील काय, अशी चालकांसहि शंका होती.

ही शंका ज्यांनीं फेडली ते पंडित मधुसूदन गुप्त वैद्य घराण्यांतले, संस्कृत कॉलेजांत आयुर्वेद शिकविलेले, आणि सुश्रुत ज्यांच्या जिभेवर होता असे गृहस्थ होते. १८३६ सालीं प्रोफेसर हेन्री गुडीव्ह यांच्यासमवेत त्यांनीं मानवी देहावर शस्त्र चालविलें. ड्रिंकवॉटर बेथून यांनीं पुढें मधुसूदनांच्या तैलचित्राच्या निमित्तानें त्या प्रसंगाचें वर्णन केलें आहे. खोलीच्या दाराशीं विद्यार्थ्यांची दाटी झाली होती. आंत पाऊल टाकण्याचें धैर्य होत नव्हतें आणि तेथून हलवतहि नव्हतें. पंडितांच्या स्थिर हातानें छातीवर पहिला लांब छेद घेतला तेव्हां पाहणाऱ्यांनीं, मोठें ओझें उतरावें तसा, दीर्घ श्वास सोडला. त्याच वर्षीं उमाचरण सेट, राजकृष्ण डे, द्वारकानाथ गुप्त व नवीनचंद्र मित्र या चार विद्यार्थ्यांनींहि शस्त्र हातीं घेतलें. या घटनेच्या सन्मानार्थ किल्ल्यावरून तोफा झडल्या, अशी आख्यायिका आहे. तोफा झडल्या असोत वा नसोत, फळ तर दिसूं लागलें. १८३७ मध्यें कॉलेजांत सुमारें साठ शवांचें विच्छेदन झालें, पुढच्या वर्षीं त्याच्या दुप्पट, आणि १८४४ मध्यें ही संख्या पांचशेंच्या वर गेली. १८४५ सालीं चार विद्यार्थी गुडीव्ह यांच्याबरोबर अधिक शिक्षणासाठीं समुद्र ओलांडून विलायतेस गेले. त्यांतील दोघांचा खर्च द्वारकानाथ टागोर यांनीं सोसला.

शिक्षणाच्या सामर्थ्याचा याहून ठळक दाखला मिळणें कठीण. शेंकडों वर्षांची किळस व भीति दहा वर्षांच्या आंत ओसरली, आणि ती केवळ उपदेशानें ओसरली नाहीं. ज्याच्या विद्वत्तेविषयीं व आचाराविषयीं शिष्यांस आदर होता, अशा स्वजातीय गुरूनें प्रथम स्वतः हात पुढें केला. परधर्मी प्रोफेसराच्या शंभर व्याख्यानांनीं जें झालें नसतें तें पंडिताच्या एका कृतीनें झालें.

परंतु या सुप्रसिद्ध प्रसंगांत एक मनुष्य असा आहे कीं ज्याच्याकडे कोणीच पाहिलें नाहीं. मधुसूदनांचें नांव राहिलें, गुडीव्ह यांचें राहिलें, चारी विद्यार्थ्यांचीं नांवें राहिलीं. टेबलावर निजलेल्या मनुष्याचें नांव मात्र या वृत्तांतांत कोठेंहि येत नाहीं. तो कोण, कोठला, त्याचें गोत कोणतें, त्याला कोणी विचारलें होतें काय, हे प्रश्न त्या दिवशीं कोणाच्या मनांत आल्याचें दिसत नाहीं. पुढील साठ, एकशें वीस, पांचशें देहांची तीच कथा. ज्यांस उचलावयास कोणी आलें नाहीं असे दरिद्री लोक इस्पितळांत व रस्त्यांत मरत; अशांचे देह विद्येच्या कामीं येत. मुलांस शारीरशास्त्र ज्यांनीं शिकविलें ते गुरु निनांवी होते, आणि गुरु होण्याची त्यांची इच्छा होती कीं नव्हती, हें कोणास ठाऊक नव्हतें.

यांत कलकत्त्याचा विशेष दोष होता असें नाहीं. खुद्द विलायतेंतली स्थिति निराळी नव्हती. तेथें १७५२ च्या कायद्यानें खुनी मनुष्याचें प्रेत विच्छेदनास देण्याची शिक्षा सांगितली होती. त्यामुळें विच्छेदन म्हणजे फांशीपलीकडचा अपमान, ही समजूत लोकांत दृढ झाली. वैद्यकीय शाळा वाढल्या तसे देह अपुरे पडले आणि थडगीं उकरून प्रेतें चोरणारांचा धंदा चालू झाला. १८२८ सालीं एडिंबरो शहरांत बर्क व हेअर या दोघांनीं त्याहि पुढें मजल मारली. सोळा माणसांचे खून करून त्यांचे देह त्यांनीं डॉ. नॉक्स यांच्या शाळेस विकले. बर्क फांशीं गेला व त्याच्याच प्रेताचें विच्छेदन झालें. या हाहाकारांतून १८३२ चा शारीरशास्त्राचा कायदा जन्मास आला. त्यानें खुन्यांचीं प्रेतें देण्याची चाल बंद केली, आणि तिच्या जागीं गरीबखान्यांत व इस्पितळांत मेलेल्या बेवारशी माणसांचे देह देण्याची वाट मोकळी केली. जी गोष्ट काल अपराध्यास शिक्षा म्हणून होती ती आज दरिद्र्याच्या वांट्यास आली, असें तेथील गोरगरिबांस वाटलें, आणि त्यांचें वाटणें अगदींच अवास्तव होतें असें म्हणवत नाहीं.

त्याच वर्षीं, हा कायदा होण्यापूर्वीं दोन महिने, जेरेमी बेंथॅम हा तत्त्ववेत्ता लंडनांत वारला. आपला देह विच्छेदनासाठीं द्यावा असें त्यानें मृत्युपत्रांत लिहून ठेविलें होतें, आणि त्याचे स्नेही डॉ. साउथवुड स्मिथ यांनीं निमंत्रित मंडळींसमोर ती इच्छा पुरी केली. एका बाजूस स्वेच्छेनें दिलेला हा एक देह, आणि दुसऱ्या बाजूस न विचारतां घेतलेले सहस्रावधि. वैद्यकाचें शिक्षण पुढील शंभर वर्षें दुसऱ्या बाजूच्या आधारावरच चाललें.

मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्यें निघालें. १८५१ सालीं त्याची पहिली तुकडी बाहेर पडली; पुढें विख्यात झालेले डॉ. भाऊ दाजी लाड हे तींतलेच. कलकत्त्याची वाट मळलेली असल्यामुळें मुंबईस ती चोखाळणें सोपें गेलें. स्वातंत्र्यानंतर मुंबई इलाख्यांत १९४९ सालीं शारीरशास्त्राचा स्वतंत्र कायदा झाला. त्याचाहि मुख्य हेतु बेवारशी देह शिक्षणसंस्थांस मिळावे हाच होता. या व्यवस्थेवांचून आपणांस डॉक्टर मिळाले नसते, हें खरें आहे, आणि तें कृतज्ञतेनें मान्य केलें पाहिजे. पण तिनें तरुण विद्यार्थ्यास न बोलतां काय शिकविलें, हेंहि पाहिलें पाहिजे. तिनें शिकविलें कीं मृत देहास भिऊं नये. हा पहिला धडा. देह ही देण्याजोगी वस्तु आहे, ती मागावी लागते, आणि देणारा तुमच्या-आमच्यासारखा नांवगांव असलेला मनुष्य असतो, हा दुसरा धडा मात्र तिनें शिकविला नाहीं. किंबहुना तिला तो शिकवितां येण्यासारखाच नव्हता. पहिला धडा उत्तम गिरविलेला विद्यार्थी दुसऱ्यांत अगदीं कोरा राहूं शकतो. भीति गेली म्हणजे औदार्य आपोआप येतें, ही समजूत चुकीची आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हा दुसरा धडा अकस्मात् निकडीचा झाला. १९५४ मध्यें बॉस्टन येथें एका जुळ्या भावाचें मूत्रपिंड दुसऱ्यास यशस्वी रीतीनें बसविण्यांत आलें. १९६७ च्या डिसेंबरांत केपटाउन येथें हृदयाचें प्रत्यारोपण झालें, आणि अवघ्या दोन-अडीच महिन्यांत, १९६८ च्या फेब्रुवारींत, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं तोच प्रयोग केला. रोगी मात्र कांहीं तासांतच दगावला. आतां मृत देह केवळ विद्यार्थ्यास शिकविणारा राहिला नाहीं. तो प्रत्यक्ष मरणाऱ्यास जगवूं शकणारा झाला. पण बेवारशी देहाची जुनी व्यवस्था येथें चालेना. मेंदूचें कार्य कायमचें बंद पडलें आहे पण हृदय अद्याप यंत्राच्या साहाय्यानें चालू आहे, अशा थोड्या वेळांत अवयव घ्यावे लागतात. आणि त्या वेळीं खाटेभोंवतीं आई, बाप, भाऊ उभे असतात. म्हणजे आतां विचारणें भागच पडलें.

विचारण्याची संवय नसलेल्या समाजानें तेव्हां काय केलें? त्यानें प्रथम विकत घेतलें. १९८० नंतरच्या दशकांत मद्रास, मुंबई यांसारख्या शहरांत दरिद्री माणसांचीं मूत्रपिंडें पैसे देऊन घेण्याचा बाजार उघडउघड चालला. १८३६ मध्यें ज्याचें कोणी नव्हतें त्याचा देह घेतला. दीडशें वर्षांनीं ज्याच्याजवळ कांहीं नव्हतें त्याचें मूत्रपिंड घेतलें. दोन्ही ठिकाणीं धडा एकच राहून गेला होता. या बाजारास आळा घालण्यासाठीं व मेंदुमृत्यूस कायद्याची मान्यता देण्यासाठीं १९९४ सालीं मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला, आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो ज्या पहिल्या राज्यांत अंमलांत आला त्यांत महाराष्ट्र व गोवा हीं होतीं. चार वैद्यांच्या मंडळानें किमान सहा तासांच्या अंतरानें दोनदां तपासून मेंदूचा मृत्यु निश्चित करावा, अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा समजावा, अठरा वर्षांखालील मृताच्या बाबतींत आई किंवा बाप यांनीं संमति द्यावी, असे त्यांतले नियम आहेत. कायदा चांगला आहे. पण कायदा विचारण्याची रीत घालून देतो. उत्तर देण्याची मनाची तयारी करून देत नाहीं. ती तयारी शाळेंत व्हावयाची.

ती कशी होते, याचे दोन दाखले आशियाखंडांतच आहेत. पहिला सिलोनचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा. त्या बौद्ध देशांत शिबि राजानें आपले नेत्र याचकास दिल्याची जातककथा घरोघर ठाऊक होती, जशी आपल्याकडे दधीचीची. पण कथा कथाच राहिली होती. १९५८ सालीं हडसन सिल्वा नांवाच्या वैद्यकाच्या एका विद्यार्थ्यानें वर्तमानपत्रांत लेख लिहून देशबांधवांकडे मृत्यूनंतर नेत्र देण्याची उघड मागणी केली. पुढें त्याची आई वारली तेव्हां तिचे नेत्र देऊन त्यानें बोलल्याप्रमाणें करून दाखविलें. १९६१ मध्यें नेत्रदानाची संस्था उभी राहिली, आणि १९६४ पासून त्या लहानशा बेटावरून परदेशांतील अंधांसाठीं नेत्र जाऊं लागले. कथा जुनीच होती. नवें एवढेंच घडलें कीं कोणीतरी पुढें होऊन विचारलें, आणि विचारणाऱ्यानें स्वतःच्या घरापासून आरंभ केला. मधुसूदन गुप्तांनींहि हेंच केलें होतें, फक्त धडा निराळा होता.

दुसरा दाखला तैवानांतील ह्वालिएन गांवचा. तेथें १९९४ मध्यें एका बौद्ध संस्थेनें वैद्यक महाविद्यालय काढलें. स्वेच्छेनें देह देणाऱ्यास तेथें मौनी गुरु म्हणतात. विच्छेदनास आरंभ करण्यापूर्वीं विद्यार्थी त्या गुरूच्या घरीं जातात, त्याच्या मुलाबाळांस भेटतात, तो कसा जगला हें ऐकतात. काम संपल्यावर छेद नीट शिवून, देहास वस्त्रें नेसवून, कुटुंबीयांसह अंत्यसंस्कार करतात. थायलंडांतहि विद्यार्थी देह देणाऱ्यास मोठा गुरु म्हणून वंदन करतात. येथें टेबलावरच्या मनुष्यास नांव आहे. आपणांस कोणी शिकविलें हें ज्या तरुणास ठाऊक असतें, त्याच्या मनांत कधींतरी, मीहि असा गुरु होऊं शकेन, हा विचार आल्यावांचून राहत नाहीं. आपल्या देशांतहि असें उदाहरण आहे. थोर जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले, आणि त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह काकीनाडा येथील वैद्यक महाविद्यालयास देण्यांत आला. जन्मभर शिकविलेल्या प्राध्यापकानें मरणानंतरहि वर्ग घेतला.

आतां आपल्या शाळांकडे वळूं. दानाची महती सांगणारीं भाषणें व घोषवाक्यें यांची उणीव नाहीं. तरी, नेत्र दिले तर पुढच्या जन्मीं आंधळें व्हावें लागेल, देह विद्रूप होईल, अवयवांच्या लोभानें डॉक्टर उपचारांत कसूर करतील, अशा समजुती सुशिक्षित घरांतहि ऐकूं येतात. यांतील प्रत्येकीचें उत्तर साधें आहे. नेत्रदानांत बहुधा बुबुळावरील पारदर्शक पडदा उपयोगी पडतो, तो मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आंत काढावा लागतो, आणि चेहरा विद्रूप होत नाहीं. मृत्यु निश्चित करणाऱ्या वैद्यांस प्रत्यारोपणाच्या कामांत भाग घेतां येत नाहीं. हें ज्ञान दिलेंच पाहिजे. पण तो पहिला धडा झाला. दुसऱ्या धड्यासाठीं विद्यार्थ्यांस घरीं एक प्रश्न विचारावयास लावला पाहिजे: आई, बाबा, आपल्यांतल्या कोणावर असा प्रसंग आला तर तुमची इच्छा काय? उत्तर होकारार्थीच यावें असा हट्ट नको. नाहीं म्हणण्याची मुभा जेथें नाहीं तेथें दानहि नाहीं. तो पुन्हा १८३६ चा प्रकार होईल. पण प्रश्न निघावा, शांतपणें बोलणें व्हावें, आणि एकमेकांचें मन एकमेकांस कळावें.

हें आम्ही एवढ्या आग्रहानें कां म्हणतों? कारण पुढें जो प्रसंग येतो तो विचार करावयास सवड देत नाहीं. रात्रीं मोटारसायकलीवरून निघालेला मुलगा अपघातांत सांपडतो. दुसऱ्या दिवशीं अतिदक्षता विभागाच्या दाराशीं एक अनोळखी मनुष्य हलक्या आवाजांत आईबापांस विचारतो. छाती अजून वरखालीं होत आहे, अंग अजून उबदार आहे; अशा वेळीं ज्या माऊलीनें हा प्रश्न जन्मांत प्रथमच ऐकला तिनें काय उत्तर द्यावें? ती नाहीं म्हणाली तर तिला दोष देणारे आपण कोण? पण त्याच मुलानें वर्षापूर्वीं जेवतांना, माझें असें झालें तर द्या, असें म्हटलेलें असेल, तर त्या क्षणीं निर्णय तिला एकटीला करावा लागत नाहीं. मुलाचा शब्द पाळण्याचें समाधान तेवढें तिच्या वांट्यास येतें. आणि अशा दुःखांत तेंहि थोडें नाहीं.

कलकत्त्याच्या त्या खोलींतील मनुष्यास कोणी विचारलें नाहीं, आणि आतां विचारतां येणें नाहीं. त्याच्या ऋणांतून मुक्त होण्याचा एकच मार्ग दिसतो. त्यानें ज्यांस शिकविलें त्यांच्या वारसांनीं, म्हणजे आपण सर्वांनीं, यापुढें कोणाचाहि देह न विचारतां घेऊं नये, आणि आपणांस विचारण्यापूर्वींच आपलें उत्तर घरच्यांपाशीं सांगून ठेवावें.